इशाऱ्याचं वजन



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो त्यांनी या गावाला गणित शिकवलं. संयोजकांनी मला बोलावताना एकच अट घातली, विषय राष्ट्रीय सुरक्षेचा घ्या, पण फळा वापरा. म्हणून हा फळा. मी सांख्यिकीचा मास्तर. गुप्तचर खात्याशी माझा कधी संबंध आला नाही, त्यामुळे माझ्याकडे गुपितं नाहीत. ज्यांच्याकडे असतात ते असल्या व्यासपीठांकडे फिरकत नाहीत. मी सांगणार आहे ते चौकशी अहवालांत, निकालपत्रांत आणि वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. नवल वाटावं इतकं छापून आलेलं आहे.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधल्या दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देणारी माणसं कराचीत बसली होती. पण ते फोन कराचीचे आहेत असं वरवर दिसत नव्हतं. मधे ऑस्ट्रियाचे क्रमांक होते. इंटरनेटवरून फोन लावायची सोय देणाऱ्या न्यू जर्सीतल्या एका कंपनीकडे खातं उघडलेलं होतं, भारतातल्या कुणा खरक सिंगच्या नावानं. पैसे दोनदा भरले, एकदा 250 डॉलर आणि एकदा 229. दुसरा भरणा इटलीतल्या ब्रेश्या गावातून झाला. जानेवारी 2009 मध्ये भारतानं पाकिस्तानला जे दस्तऐवज दिले त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. 166 माणसांचा जीव घेणाऱ्या हल्ल्याचा टेलिफोनचा खर्च पाचशे डॉलरच्या आत बसला.

हे हल्ल्यानंतर कळलं. आधी काय माहीत होतं ते बाहेर यायला सहा वर्षं लागली. एडवर्ड स्नोडेननं फोडलेल्या कागदपत्रांच्या आधारे डिसेंबर 2014 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘प्रोपब्लिका’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी मिळून जे छापलं त्याचा सारांश असा. लष्कर-ए-तैयबाचा तंत्रज्ञ झरार शाह याच्या संगणकावरच्या हालचाली ब्रिटिश गुप्तचरांना सप्टेंबर 2008 पासून पाहता येत होत्या. तो मुंबईचे नकाशे चाळत होता, हॉटेलं शोधत होता. त्याच माणसावर भारतीय यंत्रणेचीही नजर होती. अमेरिकेला या दोघांच्या पाळतीचं ठाऊक नव्हतं. हल्ला सुरू झाल्यावर तिघांनी आपापली गाठोडी सोडली आणि कराचीतल्या त्या खोलीचं चित्र भराभर उभं राहिलं.

इकडं आपल्या घरात काय होतं? हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालानुसार 2006 पासून मुंबईबाबत 26 इशारे येऊन पडले होते. त्यातले सहा समुद्रामार्गे हल्ल्याचे होते आणि अकरा एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांचे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तर ‘रॉ’नं मुंबईकडं निघालेल्या एका संशयास्पद जहाजाबद्दलचं संभाषण पकडलं होतं. तटरक्षक दलानं शोध घेतला, जहाज सापडलं नाही, आणि पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारीची बोट ताब्यात घेऊन दहा दहशतवादी कुलाब्यापर्यंत आले.

म्हणजे माहितीचा दुष्काळ नव्हता. तरी आपण धडा काढला तो असा की माहिती आणखी हवी, एका जागी हवी आणि झटपट हवी. 2001 मध्ये सुरू झालेलं मल्टी एजन्सी सेंटर हल्ल्यानंतर महिनाभरात नव्यानं बांधलं गेलं. पोलीस ठाणी एका जाळ्यात आणणारी सीसीटीएनएस योजना 2009 मध्ये मंजूर झाली. त्याच डिसेंबरात गृहमंत्री चिदंबरम यांनी इंटेलिजन्स ब्युरोच्या व्याख्यानात नॅटग्रिड जाहीर केलं. नोव्हेंबर 2014 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी गुरुग्रामला किनारपट्टीवरचे रडार आणि जहाजांच्या खुणा एका पडद्यावर दाखवणारं नौदलाचं केंद्र सुरू केलं. या सगळ्यात सर्वाधिक गाजावाजा नॅटग्रिडचा झाला आणि सर्वाधिक रखडलंही तेच.

नॅटग्रिडची कल्पना ऐकायला सोपी आहे. रेल्वे आणि विमानाची तिकिटं, बँक, टेलिफोन, पारपत्र, प्राप्तिकर अशा 21 प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे पडून असतात. अकरा तपास यंत्रणांना त्या एका खिडकीतून पाहता याव्यात. अशा व्यवस्थेला पहिल्यांदा एक कंटाळवाणं काम करावं लागतं, माणूस ओळखण्याचं. बँकेत ‘मोहम्मद’, तिकिटावर ‘मोहमद’, पारपत्रावर नुसतं ‘एमडी’, हा एकच माणूस की तिघं? हे ठरल्याशिवाय पुढची सगळी खटपट फुकट. ते ठरलं की कोण कुणाला फोन करतो, कोण कुणाच्या खात्यात पैसे भरतो, कोण कुणाबरोबर प्रवास करतो यांचं नातेजाळं पडद्यावर काढता येतं. केंब्रिजच्या ‘आयटू’ कंपनीचं ‘अ‍ॅनालिस्ट्स नोटबुक’ हे काम 1990 च्या दशकापासून करतंय. 2003 मध्ये स्थापन झालेल्या ‘पॅलंटीर’ला सुरुवातीचे काही पैसे सीआयएच्या गुंतवणूक संस्थेनं पुरवले ते याच कामासाठी.

नॅटग्रिडचं समर्थन करताना तेव्हा हमखास एक नाव घेतलं जाई, डेव्हिड हेडली. हा माणूस सप्टेंबर 2006 ते जुलै 2008 या काळात पाच वेळा मुंबईत आला, ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटून बसला, ताजमध्ये राहिला, बोटीतून फिरून उतरायच्या जागा हेरल्या. नॅटग्रिड असतं तर तो सापडला असता, असं सांगत.

असता का? यंत्राच्या डोळ्यांनी बघा. अमेरिकन पारपत्र. नाव डेव्हिड कोलमन हेडली, कारण दाऊद गिलानी हे नाव त्यानं 2006 मध्ये फिलाडेल्फियात रीतसर बदलून घेतलं होतं. व्यवसायाचा व्हिसा, भाड्याचं ऑफिस, चांगली हॉटेलं. असे परदेशी व्यापारी मुंबईत रोज किती उतरत असतील? तो मुंबईहून पाकिस्तानात जायचा ही एक खूण होती, मान्य. पण खूण ठरायला ती कुणीतरी खूण मानावी लागते. आणि खरी खोच पुढं आहे. मार्च 2009 मध्ये, अख्खा देश डोळ्यांत तेल घालून बसलेला असताना, हा गृहस्थ पुन्हा भारतात आला. पुण्याचं ज्यूंचं छबाड हाउस पाहून गेला. त्याला पकडलं ऑक्टोबरमध्ये, शिकागोच्या विमानतळावर.

आता फळ्याकडं या. महाराष्ट्राची लोकसंख्या ढोबळमानानं 12 कोटी धरू. समजा, त्यात खरोखर कट शिजवणारे 100 जण आहेत. समजा, आपल्याकडं 99 टक्के अचूक यंत्र आहे. असं यंत्र कुणाकडंच नाही, पण सरांच्या वर्गात ‘समजा’ला मनाई नव्हती. हे यंत्र 100 गुन्हेगारांपैकी 99 पकडेल. छान. पण 12 कोटी निरपराधांपैकी एक टक्का लोकांवरही बोट ठेवील. ते होतात 12 लाख. म्हणजे यादीतल्या दर बारा हजारांत खरा एक. राज्याचं पोलीसदल दोनेक लाखांचं आहे. एकेकाच्या वाट्याला सहा संशयित आले. एकाची पडताळणी आठ दिवसांत उरकली तरी दीड महिना सगळं पोलीसदल याच कामाला जुंपलेलं. तेवढ्यात यादीत नसलेला तो शंभरावा माणूस काय करतो?

आणि ‘एक टक्का चूक’ म्हणजे कोण, तेही पाहू. मालेगावात 8 सप्टेंबर 2006 ला बॉम्बस्फोट झाले. नऊ जणांना पकडलं. त्यातले सात जण पाच वर्षांनी जामिनावर सुटले. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयानं आरोपमुक्त केलं तेव्हा नवांतला एक जण हे ऐकायला हयात नव्हता. ही चूक यंत्राची नव्हे, माणसांनी केलेल्या तपासाची. यंत्र आलं तर ती थांबेल असं मला वाटत नाही. मला भीती उलटी आहे, की तिच्यावर संगणकाचा शिक्का बसेल आणि मग ती खोडायला आणखी वेळ लागेल.

अमेरिकेनं हा हिशोब प्रत्यक्षात करून पाहिला. 9/11 नंतर तिथं कोट्यवधी फोनकॉल्सच्या नोंदी, कुणी कुणाला कधी आणि किती वेळ, सरसकट गोळा केल्या जात होत्या. जानेवारी 2014 मध्ये त्यांच्याच सरकारी देखरेख मंडळानं अहवाल दिला. दहशतवादाच्या तपासाचं फलित या साठ्यामुळं ठोसपणे बदललं असं एकही उदाहरण मंडळाला मिळालं नाही. सरकार पुन्हापुन्हा दाखवत होतं तो खटला सॅन दिएगोतल्या एका टॅक्सीवाल्याचा होता. त्यानं सोमालियातल्या अल-शबाबला साडेआठ हजार डॉलर पाठवले होते.

यंत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ‘कुबेर’वर आणि दहशतवाद्यांकडं सापडलेल्या जीपीएस उपकरणांतून कराची ते मुंबईचा मार्ग अमेरिकी तज्ज्ञांनी बाहेर काढला आणि त्या दहांतल्या कसाबच्या खटल्यात त्यावर साक्ष झाली. नाव किंवा वस्तू हाती लागली की तिथून धागा धरून मागं जायला यंत्रासारखा सोबती नाही. तेच यंत्र ‘बारा कोटींतून संशयित काढ’ म्हटलं की भोळं होतं. इंग्रजीत या कामाला ठिपके जोडणं म्हणायची पद्धत आहे. आपल्या अंगणातल्या बायकांना विचारा, रांगोळीचे ठिपके आधी मोजून घातलेले असतात, कारण घालणारीच्या डोक्यात नक्षी असते. गुप्तचराच्या पुढ्यात कुणीच ठिपके घातलेले नसतात. आकृती दिसते ती स्फोटानंतर.

सीआयएत बरीच वर्षं काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी विश्लेषकांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. 1999 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात पॉल स्लोव्हिक या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे. रेसच्या घोड्यांचा अंदाज बांधणारे आठ कसलेले जाणकार बोलावले. घोड्याबद्दलच्या 88 बाबींपैकी तुम्हाला महत्त्वाच्या वाटतात त्या निवडा, असं सांगितलं. मग प्रत्येकाला आधी पाच, मग दहा, मग वीस, मग चाळीस बाबी देऊन निकालाचा अंदाज विचारला. अंदाजाचा अचूकपणा पाच बाबींना जेवढा होता तेवढाच चाळीसला राहिला. वाढत गेला तो स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पैसे घालवलेल्यांना हे नवीन नसावं. मात्र माहितीचे साठे वाढवण्यासाठी निधी मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला हे पान जोडावं असं मला वाटतं.

पुन्हा हेडलीकडं येऊ, कारण त्याच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग अजून सांगायचा आहे. त्याच्याबद्दल इशारा मिळालेला होता, तोही एकदा नव्हे. 2005 मध्ये त्याच्या एका पत्नीनं न्यूयॉर्कमध्ये तपास यंत्रणेला सांगितलं की हा लष्कर-ए-तैयबाच्या शिबिरात शिकून आला आहे. दुसऱ्या पत्नीनं 2007-08 च्या हिवाळ्यात इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत एकाहून अधिक वेळा जाऊन सांगितलं की माझा नवरा दहशतवाद्यांच्या संगतीत आहे, मुंबईला जातो. ताजमध्ये दोघं राहिले तेव्हाचे फोटोही तिनं दाखवले. उपग्रह, आंतरजाल, नातेजाळं यातलं काही नाही. एक बाई समोर बसून ताजचं नाव सांगत होती.

त्याचं काय झालं? नवरा-बायकोचं भांडण. रागावलेली बाई काहीही बोलते. कारवाई करण्याइतकं नेमकं नाही, असं अधिकाऱ्यांचं मत पडलं. शिवाय हा माणूस पूर्वी अमेरिकी अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. ‘आपला’ माणूस होता.

आजच्या विषयावर मला म्हणायचं आहे ते इथं आहे. माहिती गोळा करणं यंत्राला जमतं, शोधणंही जमतं. तिचं वजन मात्र माणसं ठरवतात, आणि बहुतेक वेळा ती माहिती सांगणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरवतात. त्या रात्री कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी बोटीतून तरुण उतरले, पाठीवर जड पिशव्या. कोळ्यांनी त्यांना पाहिलं, हटकलं आणि उर्मट उत्तर ऐकून घेतलं. आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त रडार त्या रात्री चालू होता. त्याची तार कुठंच जोडलेली नव्हती.

7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमध्ये हेच अधिक भयंकर प्रमाणात दिसलं. गाझाभोवतीचं कुंपण, संवेदक, कॅमेरे, जमिनीखाली भिंत यावर त्या देशानं शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता. फोन ऐकणारं त्यांचं युनिट 8200 जगात नावाजलेलं. हमासच्या हल्ल्याचा सुमारे 40 पानी आराखडा वर्षभर आधी त्यांच्या हाती आलेला होता. जुलैमध्ये त्या युनिटमधल्या एका विश्लेषक महिलेनं लिहून कळवलं की हमासचा चालू सराव त्या आराखड्याबरहुकूम आहे. वरच्या अधिकाऱ्यानं ते कल्पनेच्या भराऱ्यांत जमा केलं. सीमेवर तासन् तास पडद्यासमोर बसणाऱ्या, जेमतेम विशीतल्या टेहळणी सैनिक मुलींनीही पलीकडच्या हालचालींबद्दल कळवलं होतं. त्यांचं काम बघायचं होतं, मत द्यायचं नव्हतं. नहाल ओझच्या तळावर त्यातल्या अनेक जणी मारल्या गेल्या. सात जणींना पळवून नेलं.

उलट बाजूचं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे. 26/11 च्या रात्री टेप झालेल्या संभाषणांत सूचना देणाऱ्यांपैकी एक जण उर्दू बोलता बोलता ‘प्रशासन’ म्हणून गेला. पाकिस्तानातला माणूस तिथं बहुधा ‘इंतजामिया’ म्हणाला असता. ऐकणाऱ्याच्या कानाला ते टोचलं. हा आवाज भारतात वाढलेल्या माणसाचा आहे, हा संशय तिथं धरला. तो निघाला आपल्या बीड जिल्ह्यातला जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल. जून 2012 मध्ये सौदी अरेबियानं त्याला भारताच्या हवाली केलं. ते संभाषण पकडणं यंत्राचं काम होतं. त्यातला एक शब्द खटकायला इथल्या बोलण्याचा सराव असलेला कान लागला. अशा कानांची भरती कशी करायची, त्यांना बढती कशी द्यायची, यावर सर्व्हर खरेदीच्या शतांशानंही चर्चा होत नाही.

मघाशी खरक सिंग हे नाव आलं. कराचीतल्या कुणाला सुचलं कसं, देव जाणे. पण आपल्या घटनेच्या इतिहासातही एक खरक सिंग आहेत. उत्तर प्रदेशातल्या या गृहस्थांवर दरोड्याचा संशय होता. पुरावा नाही म्हणून सुटले. तरी पोलिसांनी त्यांचं नाव नोंदवहीत चढवून ठेवलं. चौकीदार रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरी आहेत का ते बघत. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं, पण खासगीपणाचा हक्क घटनेत नाही असंही म्हटलं. ते मत पुसायला 2017 चा पुट्टस्वामी निकाल यावा लागला. आजचा चौकीदार दार ठोठावत नाही, आणि यादीत आपलं नाव आहे हे आपल्याला कळायला मार्ग नाही. नॅटग्रिडचं नाव 2011 मध्येच माहिती अधिकारातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत गेलं.

यावर सुरक्षेची काळजी करणारे लोक म्हणतात की पारदर्शकता आणली तर शत्रूला फायदा. काही बाबतींत खरं आहे. पण दोन आकडे सांगितल्यानं कोणत्या शत्रूचं फावतं? यंत्रानं वर्षभरात बोट ठेवलेल्यांपैकी किती जण निर्दोष निघाले हा एक. आणि खालून आलेले किती इशारे कोणत्या टेबलावर थांबले, हा दुसरा. हे आकडे जनतेला नका देऊ, संसदेच्या एका बंद दाराआडच्या समितीला द्या. आपल्या गुप्तचर यंत्रणा अशा समितीला उत्तरदायी नाहीत. ब्रिटन-अमेरिकेत तशा समित्या आहेत. त्यांच्यामुळं सगळं आलबेल झालं असं नाही, पण फोन-नोंदींच्या साठ्याचा हिशोब कुणीतरी मागितला तरी.

खालच्या माणसाच्या शब्दाला वजन द्या म्हणणं मला सोपं आहे, कारण ते दिल्यावर काय होतं ते मला निस्तरावं लागत नाही. 22 सप्टेंबर 2016 ला, उरीच्या लष्करी तळावर हल्ला होऊन चार दिवस झालेले असताना, उरणमधल्या शाळकरी मुलांनी काळ्या कपड्यांतली, शस्त्रं घेतलेली माणसं पाहिल्याचं सांगितलं. या वेळी कुणी हसण्यावारी नेलं नाही. नौदल, तटरक्षक, एनएसजी, पोलीस सगळे उतरले. शाळा बंद, रस्त्यांवर नाकाबंदी, मुलांच्या वर्णनावरून संशयिताचं रेखाचित्र. शोध काही दिवस चालला. कुणीही सापडलं नाही.

पैसा वाया गेला अशी कुजबूज नंतर झालीच. माझं मत विचाराल तर वाया गेला नाही. फळ्यावरच्या 12 लाखांपुढं हा एक खोटा इशारा फार स्वस्त आहे. मला काळजी आहे ती उरणच्या त्या पोलीस ठाण्यात पुढच्या खेपेला येणाऱ्या पोराची. ड्यूटीवरच्या हवालदाराला 2016 चं आठवत असेल. तो पोराकडं बघेल, घड्याळाकडं बघेल, आणि वरच्या साहेबांना फोन लावायचा की नाही ते ठरवेल. त्यानं फोन लावला आणि काही निघालं नाही तर त्याच्या सेवापुस्तकात काय लिहिलं जाईल, हे त्याला आधी माहीत असायला हवं. असं सांगणारा आदेश कुठल्या खात्यानं काढलेला असला तर तो अजून माझ्या वाचनात आलेला नाही. इथं पोलीस खात्यातली मंडळी बसली आहेत, त्यांच्या पाहण्यात आला असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं.